जुन्या प्रादेशिक फर्निचरचे आणि घड्याळांचे मूळ कसे शोधावे

जुने कपाट, पेटारा किंवा उभे लोलकाचे घड्याळ समोर आले की 'हे कुठले?' असे आपण सहज विचारतो. प्रश्न वरवर एकच दिसतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात: वस्तू घडली कुठे, विकली गेली कुठे आणि नांदली कुठे. या तिन्हींची उत्तरे एकच असतील असे नाही, आणि या क्षेत्रातल्या बहुतेक चुका एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिल्यामुळे होतात. फ्रान्सच्या पूर्वेला जुरा डोंगररांगांत मोर्बिये आणि त्याच्या आसपासच्या गावांत दोनशेहून अधिक वर्षे एका विशिष्ट प्रकारची घड्याळे तयार होत असत. त्यांच्या पांढऱ्या मिनाकामाच्या तबकडीवर पुष्कळदा दूरच्या एखाद्या गावातल्या विक्रेत्याचे नाव असते आणि लाकडी पेटीही त्याच दूरच्या भागातल्या सुताराने केलेली असते. तबकडीवरचे नाव वाचून त्या गावाला घड्याळाचे जन्मस्थान ठरवणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याने फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते.

म्हणून या लेखात मी एकच क्रम आग्रहाने सांगणार आहे. आधी वस्तू वाचावी, मग तिच्यासारख्या वस्तू पाहाव्यात, त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे आणि वस्तूवर लिहिलेल्या नावाला सर्वांत शेवटी वजन द्यावे. नाव आधी वाचले की डोळे त्या नावाला पूरक खुणाच शोधू लागतात, आणि विरोधी खुणा समोर असूनही दिसत नाहीत.

हात लावण्यापूर्वी

पहिले काम साफसफाईचे नसून नोंदीचे आहे. खणाच्या तळाला चिकटलेला कागदाचा कपटा, पाठीवरचे खडूचे आकडे, मुठीभोवती साचलेला काळा मळ, बिजागरीखालचा न उजळलेला लाकडाचा तुकडा हे सगळे पुरावे आहेत, आणि पॉलिशचा एक हात फिरला की ते कायमचे जातात. वस्तू जशी मिळाली तशीच तिची सर्व बाजूंनी, खालून आणि आतून छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. विजेरीचा झोत समोरून न टाकता पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकावा, कारण तिरप्या प्रकाशात रंध्याच्या लाटा, खोडलेली अक्षरे आणि बुजवलेली भोके सावलीमुळे उठून दिसतात. अतिनील दिवा उपलब्ध असेल तर अंधारात त्याखालीही एकदा पाहावे. चपडी लाखेचा लेप त्या प्रकाशात नारिंगी झाक देतो, आणि शेजारच्या दोन फळ्या वेगवेगळ्या रंगांत दिसल्या तर त्यांतली एक मागाहून बसवली असावी किंवा निदान मागाहून रंगवली असावी, अशी शंका घेता येते.

घड्याळाच्या बाबतीत आणखी थोडी काळजी हवी. ते हलवण्यापूर्वी लोलक काढून घ्यावा आणि वजने उतरवावीत. स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाची यंत्रणा स्वतः उघडू नये, कारण ताणलेली स्प्रिंग सुटल्यास गंभीर इजा होऊ शकते. ते काम अनुभवी घड्याळजीकडे द्यावे, मात्र यंत्रणेच्या धातूच्या पट्ट्यांवर ओरखडलेली अक्षरे घासून काढू नयेत आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी विचारावे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

आतले लाकूड

फर्निचर पाहताना नजर दर्शनी लाकडावर जाते, पण उगमाच्या शोधात अधिक बोलके असते ते आतले लाकूड: खणांच्या बाजू आणि तळ, पाठीच्या फळ्या, व्हिनिअरखालचा (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याखालचा) सांगाडा. दर्शनी लाकूड गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे निवडले जाई आणि ते समुद्रापलीकडूनही येई. जे दिसणार नाही त्यासाठी मात्र सुतार हाताशी जे स्वस्त मिळेल तेच वापरी. ब्रिटनने १७२१ साली आपल्या अमेरिकेतील वसाहतींमधून येणाऱ्या इमारती लाकडावरचा आयातकर उठवला, आणि त्यानंतरच्या दशकांत कॅरिबियन बेटांवरची महोगनी ब्रिटनमधल्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर पोहोचली. तीच महोगनी उत्तर अमेरिकेतल्या बंदरांतही उतरत होती. तेव्हा केवळ महोगनीच्या टेबलावरून ते अटलांटिक महासागराच्या कोणत्या काठावर घडले हे ठरत नाही. त्याच्या खणाच्या बाजू ट्युलिप पॉप्लर या उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या झाडाच्या असतील तर उत्तर तिकडे झुकते, आणि त्या ओकच्या पातळ फळ्यांच्या असतील तर इंग्लंडचा विचार आधी करावा लागतो. हा नियमही डोळे मिटून लावू नये, कारण १९व्या शतकात अमेरिकेतले मऊ लाकूड युरोपात भरपूर जात होते. म्हणून लाकडाची साक्ष नेहमी बांधणीच्या काळाशी जोडून पाहावी लागते.

लाकडाची ओळख रंगावरून करू नये. जुने लाकूड उन्हाने फिके होते, धुराने काळवंडते, आणि डाग देऊन बीच या झाडाचे लाकूड अक्रोडाचे आणि बर्च या झाडाचे लाकूड महोगनीचे भासवण्याची कला फार जुनी आहे. एखाद्या लपलेल्या कडेवर धारदार पात्याने स्वच्छ आडवा छेद मिळाला तर दहापट भिंगातून रंध्रांची मांडणी पाहता येते. ओकमध्ये वाढीच्या प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या रंध्रांचा पट्टा असतो आणि त्याला छेदणारी रुंद किरणे, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पट्टे, स्पष्ट दिसतात, तर बीचमध्ये रंध्रे बारीक आणि सर्वत्र विखुरलेली असतात. यापुढची ओळख प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि तिला काडीच्या टोकाएवढा नमुना पुरतो. नमुना दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर लाकूड संरक्षित जातीचे नाही ना, हे आधी तपासावे. ब्राझीलचे शिसम १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि २०१७ पासून शिसमाच्या संपूर्ण वंशावर (डाल्बर्जिया) परवान्याचे नियम लागू झाले आहेत.

ओकच्या रुंद फळ्या असलेल्या वस्तूंसाठी वृक्षवलयांवरून काळ ठरवण्याची पद्धत विशेष उपयोगी पडते. वलयांच्या रुंदीचा क्रम ज्या प्रदेशाच्या प्रमाण मालिकेशी जुळतो त्या प्रदेशातले ते झाड, असा काळाबरोबर स्थळाचाही अंदाज तिच्यातून मिळतो. इथेही पहिल्या परिच्छेदातला इशारा लागू पडतो. बाल्टिक किनाऱ्यावरचा ओक शतकानुशतके पश्चिम युरोपात विकला जात होता, त्यामुळे ही पद्धत झाडाचा गाव सांगते, सुताराचा नव्हे. फळीवर सालीलगतचे कोवळे लाकूड शिल्लक नसेल तर 'झाड अमुक वर्षानंतर तोडले' एवढेच म्हणता येते. कार्बन पद्धतीचा आग्रह मात्र पुष्कळदा व्यर्थ ठरतो, कारण साधारण १६५० नंतरच्या तीन शतकांत तिची उत्तरे इतकी पसरट येतात की १७०० चे कपाट आणि १८५० चे कपाट यांत सहसा फरक करता येत नाही.

हत्यारांच्या आणि सांध्यांच्या खुणा

तारखेबाबत एक नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. वस्तूचे वय तिच्यातल्या सर्वांत जुन्या खुणेवरून ठरत नाही, तर मूळ बांधणीतल्या सर्वांत नव्या खुणेवरून ठरते. जुन्या फळ्या नव्या वस्तूत घालता येतात, पण जे तंत्र अजून निघालेच नव्हते त्याची खूण जुन्या बांधणीत असू शकत नाही.

पाठीच्या फळीवर सरळ, काहीशा असमान अंतरावरच्या करवतीच्या रेघा दिसल्या तर ती हाताने किंवा उभ्या करवतीने चिरलेली असते. कमानीसारख्या वळणाऱ्या रेघा गोल करवतीच्या असतात, आणि ती फर्निचरच्या लाकडासाठी १९व्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून सर्रास वापरात आली. लोहाराने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो. पत्र्यातून कापलेला खिळा १७९० च्या दशकापासून दिसू लागतो आणि तो दोनच बाजूंनी निमुळता असतो. गोल तारेचे खिळे १९व्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरले. स्क्रू बाहेर काढता आला तर त्याचे टोक पाहावे. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीचे स्क्रू बोथट टोकाचे असतात आणि त्यांच्या डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. खणांचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत बसवलेले, सांधे हाताने कापलेले असतील तर त्यांच्या रुंदीत थोडा फरक असतो आणि आखणीची रेघ अजून दिसते. उत्तर अमेरिकेतल्या काही खणांच्या कडेला अर्धगोल आणि त्यात बसवलेली गोल खुंटी अशी नक्षीसारखी रांग दिसते. हा नॅप यांच्या यंत्राचा सांधा आहे. त्याचे पेटंट १८६७ चे असून १९०० च्या सुमारास तो मागे पडला, म्हणून इतका नेमका काळ आणि प्रदेश देणारी खूण क्वचितच मिळते.

लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, पण आडव्या दिशेने वर्षानुवर्षे आक्रसत राहते. त्यामुळे खरोखर जुन्या गोल टेबलाचा व्यास दोन दिशांनी मोजला तर थोडा वेगवेगळा येतो. दोन्ही व्यास तंतोतंत सारखे आले तर वरची फळी नंतरची असण्याची शंका घ्यावी. किडीच्या भोकांकडेही नीट पाहावे. लाकूड पोखरणारी कीड आत नागमोडी बोगदे करते आणि पृष्ठभागावर फक्त बाहेर पडण्याचे गोल भोक ठेवते. पृष्ठभागावर उघडे पडलेले लांब चर दिसले तर याचा अर्थ कीड लागून गेल्यावर ते लाकूड पुन्हा कापले किंवा रंधले गेले आहे. साध्या जुन्या कपाटावर नंतर कोरीव काम करून त्याची किंमत वाढवण्याचे प्रकार १९व्या शतकात फार झाले, आणि ते बहुधा याच खुणेने उघडकीला येतात.

प्रदेशाची ओळख

प्रदेश ओळखताना नक्षीपेक्षा सवयी महत्त्वाच्या असतात. नक्षीचे नमुने छापील पुस्तकांतून प्रवास करीत. टॉमस चिपेंडेल यांनी १७५४ मध्ये लंडनमध्ये आपल्या आकृत्या छापल्या आणि त्यांच्या वळणाच्या खुर्च्या दूरदूरच्या गावांत पुढे कित्येक दशके होत राहिल्या. म्हणून शैलीवरून मिळणारे वर्ष हे फक्त 'याच्या आधीचे नाही' असे वाचावे, 'याच वर्षीचे' असे वाचू नये. खणाचा तळ खाचेत सरकवायचा की खालून ठोकायचा, त्याच्या तंतूंची दिशा समोरून मागे ठेवायची की डावीकडून उजवीकडे, पायाची कुसू (खाचेत बसणारे टोक) आरपार काढायची की आतच थांबवायची, हे कोणत्याही पुस्तकात नसे. शिकाऊ मुलगा ते उस्तादाच्या हाताकडे पाहून शिके आणि जन्मभर तसेच करी. अशा पाच-सहा सवयी एकत्र आढळल्या तर त्या एखाद्या कार्यशाळेची किंवा खोऱ्याची ओळख देतात. माणसे स्थलांतर करतात तेव्हा सवयीही त्यांच्याबरोबर जातात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतकऱ्यांच्या रंगीत पेट्या त्यांच्या मूळ मुलखातल्या पेट्यांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात त्याचे कारण हेच, आणि तिथे वाद मिटवायला पुन्हा आतले लाकूडच मदतीला येते. या पेट्यांवर पुष्कळदा मालकाचे नाव आणि वर्षही रंगवलेले असते. ते वर्ष बहुधा पेटी नव्या मालकाला मिळाल्याचे असते, आणि रंग नंतर चढवला गेला आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

लोखंडी आणि पितळी जोडकाम काही परंपरांत लाकडापेक्षाही अधिक बोलते. कोरियातल्या 'पांदाजी' या पुढून उघडणाऱ्या पेटाऱ्यांचे प्रादेशिक प्रकार मुख्यतः धातूच्या पट्ट्यांवरून ओळखले जातात. उत्तरेकडच्या पाकचनचे पेटारे जाळीदार छेद घेतलेल्या लोखंडी पत्र्यांनी जवळजवळ झाकलेले असतात. जपानमधल्या सेंदाईच्या कपाटांवर केयाकी लाकडाच्या पृष्ठभागावर मोठ्या, उठावदार लोखंडी पट्ट्या असतात, तर सादो बेटावरच्या जहाजी पेट्या लोखंडाने गच्च मढवलेल्या असतात. मुठी आणि कड्या मात्र बदलता येतात. म्हणून खणाच्या आतल्या बाजूला मूठ बसवण्याची जास्तीची भोके आहेत का, आणि बाहेरून ती बुजवली आहेत का, हे पाहिल्याशिवाय जोडकामाच्या आधारे काहीही ठरवू नये.

उलट दिशेने, मुद्रा स्पष्ट असली तरी ती कोणी आणि का मारली हे विचारावे. पॅरिसच्या सुतारसंघाने १८व्या शतकाच्या मध्यापासून उस्तादांना आपल्या नावाचा ठसा मारणे बंधनकारक केले आणि त्याशेजारी तपासणीचा जे.एम.ई. हा ठसा येऊ लागला. १७९१ मध्ये हे संघ बरखास्त झाले. पण नियमानुसार दुरुस्ती करणाऱ्या उस्तादाचाही ठसा पडत असे, तेव्हा एकाच खुर्चीवर दोन नावे दिसणे अशक्य नाही. इंग्लंडमधल्या विंडसर खुर्च्यांच्या बैठकीच्या मागच्या कडेवर कधीकधी कारागिराचे नाव ठोकलेले असते, आणि अशा ठसा असलेल्या मोजक्या खुर्च्या व्यापारी निर्देशिकांतल्या पत्त्यांशी जुळवूनच बिनठशाच्या असंख्य खुर्च्यांचे प्रदेश ठरवता आले. मला ही पद्धत या विषयातली सर्वांत प्रामाणिक पद्धत वाटते, कारण तिच्यात माहीत असलेल्यावरून अज्ञाताकडे पायरीपायरीने जाता येते.

घड्याळ: एका पेटीत अनेक गावे

घड्याळ ही एक वस्तू समजून अभ्यास सुरू केला तर वाट चुकते. यंत्रणा, तबकडी आणि पेटी या तीन वस्तू आहेत असे धरून प्रत्येकीची स्वतंत्र नोंद करावी आणि मगच त्या मुळापासून एकत्र होत्या का, हा प्रश्न घ्यावा. स्वीडनमधल्या मोरा भागातली शेतकरी कुटुंबे यंत्रणा तयार करून विकत आणि पेटी गिऱ्हाइकाच्या गावी होई. अमेरिकेत कनेटिकटच्या इलाय टेरी यांनी १८०६ मध्ये चार हजार लाकडी यंत्रणांचा करार घेतला आणि तीन वर्षांत तो पुरा केला. त्या काळी अशा यंत्रणा फेरीवाले विकत आणि पेटी हवी असल्यास ती गिऱ्हाइकाच्या भागातला सुतार करून देई.

इंग्लंडच्या उभ्या घड्याळात हे आणखी गुंतागुंतीचे होते. पांढऱ्या रंगाच्या रंगवलेल्या तबकड्यांची जाहिरात बर्मिंगहॅमच्या ऑस्बॉर्न आणि विल्सन यांनी १७७२ मध्ये केली, त्यामुळे मूळ रंगीत तबकडी असलेले घड्याळ त्यापूर्वीचे नसते. यंत्रणा आणि तबकडी यांच्यामध्ये कधीकधी ओतीव लोखंडाची एक जोडपट्टी असते आणि तिच्यावर तबकडी करणाऱ्याचे नाव ओतलेले असते. ऑस्बॉर्न आणि विल्सन यांची भागीदारी १७७७ मध्ये संपली, म्हणून दोघांची नावे एकत्र असलेली पट्टी पाच वर्षांच्या आत काळ बांधून देते. समोर ठळक अक्षरांत लिहिलेले नाव मात्र बहुधा ज्याने हे भाग आणून जुळवले आणि घड्याळ विकले त्या गावच्या घड्याळजीचे असते. तबकडी बर्मिंगहॅमची, पेटी शेजारच्या सुताराची आणि नाव तिसऱ्याचे, हे फसवणुकीचे नव्हे तर व्यापाराच्या रीतीचे लक्षण आहे.

तिन्ही भाग मुळापासून एकत्र आहेत का, हे पाहण्याची मुख्य जागा म्हणजे यंत्रणा ज्या आडव्या फळीवर बसते ती फळी आणि ती फळी ज्या दोन उभ्या बाजूंवर टेकते ती त्यांची टोके. तिथे उंची वाढवण्यासाठी ठोकलेले तुकडे किंवा ती कमी करण्यासाठी घेतलेले ताजे काप दिसले, फळीत वापरात नसलेली भोके असली किंवा दरवाजाच्या चौकटीआड तबकडीची कड लपत असली, तर पेटी दुसऱ्या घड्याळाची असण्याची शक्यता मोठी आहे. तबकडीच्या मागचे खांब यंत्रणेच्या पुढच्या पट्टीत जिथे शिरतात तिथे जास्तीची भोके असली तर तबकडी बदललेली असते. लोलकाने पेटीच्या पाठीवर घासून केलेली खूण आताच्या लोलकाच्या उंचीशी जुळते का, हेही पाहावे. या छोट्या तपासणीने मोठमोठे दावे कोसळतात.

प्रदेशाच्या खुणा तबकडीवरही सापडतात. चंद्रकला दाखवणाऱ्या काही इंग्लिश तबकड्यांवर एखाद्या बंदरातल्या भरतीची वेळ दिलेली असते, आणि ब्रिस्टल बंदराचे नाव असलेले घड्याळ त्या परिसरातल्या गिऱ्हाइकासाठीच केले गेले असणार. मोर्बियेच्या यंत्रणेत ठोके मोजणारी दातेरी पट्टी उभी आणि सरळ असते आणि घड्याळ दोन मिनिटांनी तेच ठोके पुन्हा देते, म्हणून तबकडीवर कोणतेही गाव असले तरी यंत्रणेची ओळख चुकत नाही. जर्मनीच्या काळ्या जंगलातल्या घड्याळांच्या यंत्रणेच्या चौकटी दीर्घकाळ लाकडी होत्या, त्यांच्यावर नाव बहुधा नसेच, आणि इंग्लंडमध्ये ती 'डच घड्याळे' म्हणून विकली जात. हे नाव 'डॉइच' म्हणजे जर्मन या शब्दावरून पडलेले आहे, पण जुन्या मालमत्ता-यादीत ते वाचून हॉलंडकडे वळलेले संशोधक कमी नाहीत. जपानी घड्याळांबाबत एक नेमकी सीमारेषा मिळते. ऋतूप्रमाणे लांबी बदलणाऱ्या तासांची पद्धत १८७३ च्या आरंभी अधिकृतपणे बंद झाली, म्हणून सरकत्या अंकांची तबकडी त्याआधीच्या पद्धतीसाठी केलेली असते आणि तिच्या जागी समान तासांची तबकडी आली असेल तर तो नंतरचा बदल असतो.

कारखान्यात झालेल्या घड्याळांसाठी कायदे आणि लेबले हीच मुख्य साधने आहेत. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत लिहिणे १८९१ पासून सक्तीचे झाले. असे नाव असेल तर घड्याळ त्यानंतरचे असण्याचा संभव आहे, पण ते नसणे हा आधीच्या काळाचा पुरावा नाही, कारण इतर देशांत गेलेल्या मालाला हा नियम लागू नव्हता. जर्मन यंत्रणेवर डी.आर.पी. (जर्मन पेटंट) ही अक्षरे १८७७ नंतरची आणि डी.आर.जी.एम. (नोंदणीकृत उपयुक्त रचना) ही १८९१ नंतरची असतात. कनेटिकटच्या घड्याळांच्या पेटीत आतून चिकटवलेल्या छापील लेबलावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव आणि पत्ता असतो. हार्टफर्डचे मुद्रक एलिहू गीअर यांनी जागा बदलल्या तसतसे लेबलावरचे पत्ते बदलले, आणि त्यावरून घड्याळाचा काळ काही वर्षांपर्यंत आणता येतो. सेथ टॉमस कंपनीच्या लेबलावर 'प्लिमथ हॉलो' हे गावाचे जुने नाव असेल तर ते साधारण १८६५ पूर्वीचे, आणि 'टॉमस्टन' असेल तर त्यानंतरचे. याच कंपनीने १९व्या शतकाच्या अखेरीच्या काही दशकांत पेटीच्या तळावर वर्ष उलटे छापले आणि पुढे महिन्याचे अक्षर दिले. '८९८१' असा आकडा दिसला तर तो १८९८ असा वाचायचा असतो.

दुरुस्ती करणाऱ्यांनी पट्टीच्या मागे सुईने ओरखडलेली नावे आणि तारखा तर मला सर्वांत मौल्यवान वाटतात. त्या घड्याळाचा जन्म सांगत नाहीत, पण अमुक वर्षी ते अमुक गावात नांदत होते याची इतकी निःस्वार्थ साक्ष दुसरी कोणी देत नाही.

कागदपत्रांकडे वळताना

वस्तूचे वाचन पुरे झाल्यावर, आणि एक प्रदेश व एक कालखंड हाताशी आल्यावरच कागदपत्रे उघडावीत. अन्यथा एकाच नावाचे चार घड्याळजी चार गावांत सापडतात आणि मनाला आवडेल तो निवडला जातो. इंग्लंडमध्ये १७१० ते १८११ या काळात शिकाऊ उमेदवारांच्या करारांवर कर होता आणि त्याच्या नोंदवह्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लंडनच्या घड्याळजी संघाची सनद १६३१ ची आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या फर्निचर कारागिरांची मोठी सूची आता इंटरनेटवर खुली आहे, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कारागिरांसाठी नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम इथल्या संग्रहालयाने तसाच मोठा संग्रह उभा केला आहे. लँकेस्टरच्या गिलोज या कारखान्याच्या आकृतिवह्या लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात जतन झाल्या आहेत. त्यांत वस्तूची आकृती, लागलेले लाकूड आणि पुष्कळदा कारागिराचे नाव एकाच पानावर मिळते. घड्याळांसाठी जर्मनीतल्या फुर्टवांगन आणि स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ इथल्या संग्रहालयांचे संग्रह तुलनेसाठी पाहावेत.

मृत्यूनंतर केलेल्या मालमत्ता-याद्या, आगविमा नोंदी, व्यापारी निर्देशिका आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती यांतून कारागीर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वर्षांत काम करीत होता हे कळते. निर्देशिका वाचताना लक्षात ठेवावे की ती छापण्यापूर्वी महिनोन्महिने माहिती गोळा होत असे आणि बंद पडलेली दुकानेही काही वर्षे तिच्यात राहत. गावांची नावे आणि सीमा बदलतात. गुस्टाव्ह बेकर यांचा घड्याळांचा कारखाना जिथे होता ते सायलीशियातले फ्रायबुर्ग आज पोलंडमधले श्फिएबोजित्से आहे, आणि फ्रायबुर्ग याच नावाचे जर्मनीतले मोठे शहर वेगळे आहे. या एका गैरसमजाने कित्येक घड्याळांना चुकीचा मुलूख मिळाला आहे.

घरात चालत आलेली हकिकत टाकून देऊ नये आणि जशीच्या तशी स्वीकारूही नये. ती कोणी सांगितली, त्याला कोणाकडून कळली आणि पहिल्यांदा कधी लिहिली गेली, हे विचारून ती शब्दशः नोंदवावी. अशा हकिकतीत व्यक्ती आणि तारखा सरमिसळ होतात, पण वस्तू कोणत्या शाखेतून, कोणत्या लग्नातून घरात आली हा भाग बऱ्याचदा खरा निघतो. पाठीवरचे लिलावगृहाचे शिक्के, वाहतुकीची लेबले आणि खडूचे क्रमांक त्या हकिकतीशी ताडून पाहावेत. लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहाने पाठीवर काळ्या शाईत छापलेले क्रमांक त्यांच्या जुन्या नोंदींत शोधता येतात आणि विक्रीची तारीख हाती लागू शकते.

निष्कर्ष लिहिताना

शेवटच्या टिपणात तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्र परिच्छेदांत लिहावीत आणि प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार द्यावा: 'पाहिलेले', 'तुलनेवरून', 'कागदावरून' किंवा 'ऐकलेले'. 'अमुक कारागिराचे' असे लिहिण्यासाठी मूळ ठसा किंवा हिशेबाचा कागद हवा. सवयी जुळत असतील तर 'अमुक कार्यशाळेच्या पद्धतीचे' आणि केवळ आकार जुळत असेल तर 'अमुक प्रदेशाच्या वळणाचे' एवढेच म्हणावे. विरोधी खुणाही लिहाव्यात. आपल्याला न जुळणारे एक भोक पुढच्या अभ्यासकाला सगळे कोडे उलगडून देऊ शकते. टिपणावर तारीख घालावी, छायाचित्रांचे क्रमांक जोडावेत आणि ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवून पाकीट खणात नुसते ठेवावे. ते चिकटवू नये, टाचणीने टोचू नये आणि लाकडावर काहीही लिहू नये.